वाचकांचे प्रश्न: वॉर्डात रुग्णाच्या शब्दाला किंमत किती?

मानसिक आजाराच्या रुग्णाची देखभाल या विषयावर मागच्या अंकात प्रश्न मागवले होते. लष्कर, मुरार, थाटीपूर, कंपू अशा ग्वाल्हेरच्या सगळ्या भागांतून पत्रं आली. आजाराचं नाव किंवा औषधाचा डोस फार थोड्यांनी विचारलाय. बहुतेकांनी एकच गोष्ट वेगवेगळ्या तोंडांनी विचारली आहे: तिथे चालतं कोणाचं? किल्ली, फोन, पेन आणि गोळ्यांचा ट्रे ज्यांच्या हातात, त्यांच्यासमोर रुग्णानं आपलं म्हणणं मांडायचं कसं, आणि नर्सनं ते ऐकायचं कसं?

आपल्या गावाला हा प्रश्न नवा नाही. आग्रा, रांची आणि ग्वाल्हेर इथल्या मानसिक रुग्णालयांवर देखरेख ठेवण्याचं काम सर्वोच्च न्यायालयानं १९९७ साली राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाकडे सोपवलं होतं. त्यानंतर मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ आला आणि २९ मे २०१८ पासून लागू झाला. खाली 'कायदा' म्हटलंय तो हाच. पत्रं थोडक्यात दिली आहेत. माणसांची आणि दवाखान्यांची नावं गाळली आहेत.

प्रश्न: माझा मुलगा २७ वर्षांचा, त्याला स्किझोफ्रेनिया आहे. गोळ्या घेत नव्हता. ओळखीच्या एका सिस्टरांनी सुचवलं म्हणून आठ महिने पातळ औषध चहात घालते आणि एक गोळी कुटून वरणात. आधी बरा होता. आता महिनाभर घरचं काही खात नाही, फक्त बंद पुड्यातली बिस्किटं खातो. म्हणतो, तुम्ही मला विष देता. काय करू? (एक आई, जनकगंज)

उत्तर: काकू, तुम्ही हे मुलासाठीच केलंत आणि सिस्टरांनीही मदत म्हणूनच सांगितलं असणार. पण हा उपाय औषधाच्या बाजूनंही फसतो आणि विश्वासाच्या बाजूनंही.

आधी औषधाचं पाहू. तुमचं पातळ औषध रिस्पेरिडोन असेल तर ते चहात किंवा कोलात मिसळायचं नसतं, त्यांच्याशी ते जुळत नाही. पाणी, कॉफी, संत्र्याचा रस किंवा कमी सायीचं दूध चालतं. आपल्या घरांत मात्र लपवून द्यायचं म्हटलं की पहिला हात चहाकडेच जातो. गोळी कुटणं त्याहून धोक्याचं. नावापुढे एसआर, सीआर, ईआर अशी अक्षरं असलेल्या गोळ्या पोटात हळूहळू विरघळाव्यात म्हणून तशा बनवलेल्या असतात. कुटली की दिवसभराचा डोस एकदम रक्तात उतरतो. लिथियमच्या (मनाचे टोकाचे चढउतार आवरणारं औषध) बाबतीत हे फारच जपायला हवं. त्याचं रक्तातलं प्रमाण लिटरला साधारण ०.६ ते १.० मिलिमोलच्या दरम्यान ठेवतात. दीडच्या वर गेलं की हात थरथरतात, उलट्या-जुलाब होतात, बोलणं अडखळतं, तोल जातो. मे महिन्याच्या उन्हात घाम जास्त आणि पाणी कमी झालं तरी ते चढतं. त्यात अंगदुखीवर आयबुप्रोफेन घेतलं तर आणखी चढतं. आपण लिथियम घेतोय हेच ज्याला ठाऊक नाही, तो मेडिकलवाल्याला ते सांगणार कसा? लपवलेल्या औषधाचा हा सगळ्यात मोठा धोका आहे: माणूस स्वतःला सांभाळूच शकत नाही.

शिवाय वाटीतलं वरण अर्धं राहिलं तर डोस किती गेला, हे तुम्हालाही कळत नाही. डॉक्टर समजतात औषध चालू आहे तरी गुण नाही, आणि डोस वाढवतात. क्लोझापिन (स्किझोफ्रेनियावरचंच एक औषध) असेल तर ते लपवून देता येण्यासारखं औषधच नव्हे. सुरुवातीचे १८ आठवडे दर आठवड्याला रक्तातल्या पांढऱ्या पेशी तपासाव्या लागतात, आणि दोन दिवसांहून जास्त खंड पडला तर जुना डोस परत देता येत नाही, १२.५ मिलिग्रॅमपासून नव्यानं चढवत न्यावं लागतं.

आता विश्वासाचं. संशय हा त्याच्या आजाराचाच भाग आहे. पण जेवणात खरंच काहीतरी घातलं जात होतं, म्हणजे या एका बाबतीत त्याचं बरोबर होतं. 'तुझ्या मनाचे खेळ आहेत' असं त्याला सांगत राहिलात तर जे त्याला नीट कळलंय तेही तुम्ही खोटं पाडताय.

पुढचं असं करा. डॉक्टरांना आधी एकट्या भेटा. कोणतं औषध, किती, कशातून आणि कधीपासून, हे सगळं खरं सांगा. महिनाभर घरचं खात नाही म्हणजे औषधही बंदच आहे, हेही सांगा. चहा-वरणातून देणं आजपासून थांबवा, पण मनानंच कुठली नवी गोळी सुरू करू नका. मग डॉक्टरांशी किंवा सिस्टरांशी ठरवून, त्यांच्यासमोर मुलाला सांगा. जेवणाच्या वेळी नको, सकाळी तो निवांत असताना. दोन-तीन वाक्यंच: 'तुझ्या जेवणात मी औषध घालत होते. भीतीपोटी केलं, पण चुकलं. यापुढे तुला न विचारता काही देणार नाही.' लगेच 'पण तूच तर...' असं जोडू नका. तो चिडेल, एखादे वेळी बोलायचंच बंद करेल. चार दिवस जाऊ द्या. जेवताना पातेलं मध्ये ठेवा, त्याला स्वतः वाढून घेऊ द्या, तुम्ही आधी खा. बिस्किटं खायची तर खाऊ द्या.

त्यानंतर मूळ प्रश्न, जो बहुधा कोणी विचारलेलाच नसतो: गोळी नको का वाटते? दिवसभर झोप, वाढलेलं वजन, ताठ झालेले हात, सतत येरझारा घालाव्याशा वाटणं, शरीरसंबंधातली अडचण. ही शेवटची गोष्ट मुलगा आईला सांगणार नाही, म्हणून पुरुष नर्स किंवा डॉक्टरांना एकट्यानं विचारायला सांगा. त्याचे शब्द जसेच्या तसे लिहून घ्या. यातल्या बहुतेक तक्रारींवर काहीतरी करता येतं: डोस रात्री घेणं, औषध बदलणं, किंवा रोजच्या गोळीऐवजी दोन-चार आठवड्यांनी एक इंजेक्शन. हे पर्याय त्याच्यासमोर ठेवा आणि निवड त्यानं करू द्या. स्वतः निवडलेलं औषध टिकण्याची शक्यता जास्त असते. मधल्या काळात त्यानं पाणीही सोडलं, स्वतःला किंवा कोणाला इजा करण्याची भाषा केली, तर वाट न पाहता दवाखाना गाठा. रात्री-अपरात्री सल्ला हवा असेल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो.

प्रश्न: मी एका खाजगी दवाखान्यात स्टाफ नर्स आहे. रात्री ४० पेशंटांवर आम्ही दोघी आणि एक वॉर्डबॉय. कोणी भडकलं की सीनियर म्हणतात, 'हात-पाय बांधून टाका, सकाळी बघू.' नाही म्हटलं तर मी कामचुकार. नेमकं काय करावं? (मुरार)

उत्तर: तुमच्या पत्रात दोन माणसांचं गाऱ्हाणं आहे. रुग्णाचं कोणी ऐकत नाही आणि तुमचंही कोणी ऐकत नाही. दोन्ही एकाच साखळीच्या कड्या आहेत, म्हणून दोन्हींना उत्तर देतो.

कायद्याचं कलम ९७ स्पष्ट आहे. एकट्याला कोंडून ठेवणं पूर्ण बंद. बांधणं फक्त तेव्हाच, जेव्हा समोर उभी असलेली, आत्ता घडू शकणारी इजा टाळायचा दुसरा कुठलाच मार्ग उरलेला नाही, आणि तेही त्या रुग्णावर उपचार करणाऱ्या मानसोपचारतज्ज्ञांच्या परवानगीनं. शिक्षा म्हणून नाही, धाक म्हणून नाही, आणि माणसं कमी आहेत म्हणून तर मुळीच नाही. हे शेवटचं कायद्यात मुद्दाम लिहिलेलं आहे. साखळीनं बांधणं तर कोणत्याही परिस्थितीत मना आहे. तमिळनाडूतल्या एरवाडीला ६ ऑगस्ट २००१ च्या पहाटे आग लागली आणि २८ रुग्ण गेले. त्यांना साखळ्यांनी बांधलेलं असल्यामुळे पळता आलं नव्हतं.

पण रात्री दोन वाजता कलम आठवून भागत नाही. आधी हे पाहा की हा माणूस भडकलाय की त्याला काही होतंय. हॅलोपेरिडॉलचं (भास-भ्रमांवरचं औषध) इंजेक्शन दिल्यावर किंवा डोस वाढवल्यावर काही तासांत ते काही दिवसांत पायांत अशी बेचैनी सुरू होऊ शकते की माणूस बसू शकत नाही, एका पायावरून दुसऱ्या पायावर भार टाकत राहतो, 'आतून ओढल्यासारखं होतंय' म्हणतो. इंग्रजीत तिला अकॅथिझिया म्हणतात. तिला 'ॲजिटेशन', म्हणजे भडकणं, समजून पुन्हा हॅलोपेरिडॉल दिलं की बेचैनी वाढते, मग बांधतात. म्हणजे आपल्याच औषधानं आलेल्या त्रासासाठी आपणच त्याला बांधतो. औषधतक्त्यावर मागच्या तीन दिवसांत काय बदललं ते पाहून डॉक्टरांना फोनवर 'अकॅथिझिया' हाच शब्द वापरून सांगा. डोस कमी करणं किंवा प्रोप्रॅनोलॉल देणं हा निर्णय त्यांचा. मान एका बाजूला वळून अडकली असेल, डोळे वर चढले असतील तर ते नाटक नाही, स्नायू आखडलेत. प्रोमेथाझिनच्या इंजेक्शननं सहसा अर्ध्या तासात सुटतात. ट्रायहेक्सिफेनिडिल (औषधांनी आलेला ताठरपणा कमी करणारी गोळी) चालू असेल तर ओटीपोट हातानं चाचपून पाहा, लघवी तुंबलेली असू शकते. ग्लुकोमीटरनं साखर बघा. दारू सोडून दोन-तीन दिवस झालेत का ते विचारा. हे सगळं पाच-सात मिनिटांत होतं.

बोलण्याची रीत अशी. एकीनंच बोलायचं, बाकीच्यांनी गप्प. दोन हात अंतर, समोरासमोर छाती लावून नाही, थोडं तिरकं उभं राहायचं. दार अडवायचं नाही. त्याची बाहेरची वाट मोकळी, आणि तुमचीही. हात दिसतील असे ठेवा. वाक्य छोटं, मग थांबा. 'शांत व्हा' हे शब्द टाळा, त्यानं कोणी शांत होत नाही. 'काय झालं ते सांगा, मी ऐकतेय' असं म्हणा. मग दोन खरे पर्याय द्या: 'इथे बसायचं की व्हरांड्यात?' 'गोळी घेता की आधी पाणी?' देता येणार नाही असा पर्याय देऊ नका. घाईमुळेच बहुतेक वेळा बिघडतं: पहिल्या दोन मिनिटांत तो गप्प झाला नाही की वॉर्डबॉयला हाक मारली जाते, आणि चार माणसं अंगावर आलेली पाहिली की कोणीही हात उचलेल.

तरीही बांधायची वेळ आलीच तर डॉक्टरांना बोलवा. फोनवर होकार मिळाला तर त्यांचं नाव आणि वेळ त्याच क्षणी लिहा आणि प्रत्यक्ष येऊन पाहण्याचा आग्रह धरा. रुंद, मऊ पट्टेच वापरा; दोरी, ओढणी, बँडेज नको. उताणं झोपवा, डोकं थोडं उंच. पालथं कधीही नाही, आणि छातीवर-पाठीवर गुडघा नाही. श्वास कोंडून माणसं मरतात ती अशीच. पट्ट्याखाली दोन बोटं सरकली पाहिजेत. दर १५ मिनिटांनी श्वास, नाडी, बोटांचा रंग आणि ऊब पाहा. निदान दोन तासांनी एकेक हात-पाय आळीपाळीनं सोडून हलवायला द्या. पाणी पाजताना उठवून बसवा, झोपवून पाजलं तर फुप्फुसात जातं. लघवीला न्या. आणि रुग्णाला दर वेळी सांगा की काय झालं म्हणजे सोडणार. सोडण्याची अट त्याला ठाऊक नसेल तर त्याच्या दृष्टीनं ती कैदच. कारण, पद्धत, सुरू-बंदची वेळ फाइलमध्ये लिहा. त्याच्या नामनिर्दिष्ट प्रतिनिधीला (रुग्णाच्या वतीनं निर्णयांत मदत करणारी, कायद्यानं मानलेली व्यक्ती) २४ तासांच्या आत कळवणं बंधनकारक आहे, आणि महिन्याच्या अहवालात अशी प्रत्येक घटना मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळाकडे जायला हवी (रुग्णांच्या हक्कांच्या तक्रारी ऐकणारं, याच कायद्यानं नेमलेलं मंडळ; पुढे 'मंडळ' म्हटलंय ते हेच). दुसऱ्या दिवशी दहा मिनिटं त्याच्याजवळ बसा: 'काल कशानं इतकं झालं? पुन्हा वाटायला लागलं तर आम्ही काय केलेलं चालेल?' उत्तर फाइलच्या पहिल्या पानावर लावा.

आता तुमचं. तोंडी हुकूम आला तर तोंडी वाद घालू नका. 'डॉक्टरांची परवानगी कोणत्या वेळी घेतली, ते नोंदीत लिहिते' एवढंच म्हणा आणि पेन उघडा. हुकूम बरेचदा तिथेच मागे घेतला जातो. ४० रुग्णांवर दोघी असणं हे मेट्रनना तारीख घालून, दोघींच्या सहीनं लेखी कळवा आणि प्रत स्वतःकडे ठेवा. कायदा मोडला तर पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. आणि चौकशी होते तेव्हा नोंदीवर सही नर्सचीच असते.

प्रश्न: वॉर्डात असताना मी सिस्टरांना सांगितलं की रात्रीची गोळी आठऐवजी दहाला द्या, आठला घेतली की जेवतानाच झोप येते. फाइलमध्ये लिहिलं गेलं 'असहकार, औषध नाकारतो'. पुढच्या डॉक्टरांनी ते वाचून डोस वाढवला. मला माझी फाइल पाहता येते का? (वय ३४, थाटीपूर)

उत्तर: येते. कलम २५ नुसार स्वतःच्या वैद्यकीय नोंदी पाहण्याचा हक्क तुमचा आहे. लेखी अर्ज द्या, पोच घ्या. एखादा भाग उघड केल्यानं तुमच्या मनावर गंभीर आघात होईल किंवा दुसऱ्या कोणाला इजा होईल, असं वाटलं तरच तेवढा भाग रोखता येतो, आणि तसं केल्यास मंडळाकडे दाद मागता येते हे तुम्हाला सांगावं लागतं. फाइल हातात आली की चुकीच्या नोंदीसमोर खाडाखोड मागू नका. स्वतःचं निवेदन जोडायला सांगा: 'अमुक तारखेला मी औषध नाकारलं नव्हतं, वेळ बदलून मागितली होती.' तारीख, सही. पुढचा वाचणारा दोन्ही वाचेल.

तुमच्या पत्राच्या निमित्तानं नर्सिंगच्या मैत्रिणींना आणि मित्रांना सांगायचंय. वॉर्डातली सर्वांत मोठी सत्ता किल्लीची नाही, नोंदवहीची आहे. किल्ली सुट्टी मिळाली की संपते. 'असहकार', 'मॅनिप्युलेटिव्ह', 'अटेन्शन सीकिंग' हे शब्द मात्र फाइलबरोबर वर्षानुवर्षं फिरतात, आणि रुग्ण उद्या छातीत दुखतंय म्हणाला तरी आधी तो शब्द वाचला जातो. असं लिहा: 'रात्री ८ वाजता गोळी देऊ केली. म्हणाले, आता घेतली की जेवताना झोप येते, १० वाजता द्या. डॉक्टरांना विचारलं. १० वाजता दिली, घेतली.' शब्द चार जास्त लागले, पण पुढच्या डॉक्टरांना डोस वाढवायचं कारणच उरलं नसतं. काय पाहिलं आणि काय ऐकलं ते लिहायचं. मत लिहायचं तर त्याच्याआधी 'मला वाटतं' हवं. ड्यूटी बदलताना रुग्णाच्या खाटेपाशी उभं राहून त्याच्याविषयी 'हा' 'ही' करून बोलणं बंद करा. बोलायचं तर त्याला सामील करून बोला: 'काका, आज सिस्टरांना काय सांगायचं राहिलंय?'

प्रश्न: मला बायपोलर आहे. आजार उसळला की माझे दीर मला भरती करतात, सह्या तेच करतात. काय चाललंय ते माझ्या माहेरी कळतही नाही. पुढच्या वेळी माझ्या बहिणीनं निर्णय घ्यावेत असं मला वाटतं. सध्या मी बरी आहे. (वय ४१, दौलतगंज)

उत्तर: ताई, बऱ्या आहात, म्हणजे हेच करायची हीच वेळ. कलम १४ नुसार कोणीही सज्ञान व्यक्ती आपला नामनिर्दिष्ट प्रतिनिधी नेमू शकते. साधा कोरा कागद पुरतो, स्टँपपेपर लागत नाही. 'मी, अमुक, माझी बहीण अमुक हिला माझी नामनिर्दिष्ट प्रतिनिधी नेमते', तारीख आणि तुमची सही किंवा अंगठा. बहिणीनं 'मला मान्य आहे' असं लिहून द्यायचं. एक प्रत तुमच्या डॉक्टरांच्या फाइलला, एक बहिणीकडे, एक तुमच्याकडे, आणि मोबाइलमध्ये फोटो. असा कागद नसेल तर कायदा नातेवाइकाकडे वळतो, आणि घरात जो पुढे होतो तोच नातेवाईक ठरतो. दिरांचं असंच झालं असणार. नेमणूक तुम्ही कधीही बदलू शकता.

त्याच्याबरोबर आगाऊ निर्देशही लिहा. आजारात निर्णय घेण्याची तुमची क्षमता तात्पुरती गेली तर कोणते उपचार हवेत, कोणते नकोत, हे त्यात येतं. तातडीच्या उपचारांना तो लागू होत नाही, पण बाकी वेळी डॉक्टरांना तो पाळावा लागतो. पटत नसेल तर त्यांनी मंडळाकडे जायचं असतं. मोघम लिहू नका. 'चांगली काळजी घ्यावी' याचा काही उपयोग नाही. कोणत्या औषधानं पूर्वी गुण आला, कशानं अंगावर पुरळ उठलं, तीन रात्री झोप नाही झाली की आजार उसळतो, मुलांना कोणी सांभाळावं, माहेरी कोणाला फोन करावा, असं लिहा.

हेही माहीत असू द्या. तुम्ही स्वतःच्या सहीनं भरती झालात तर सुट्टी मागितल्यावर ती द्यावी लागते. फार तर तपासणीसाठी २४ तास थांबवता येतं. तुमच्या संमतीशिवाय भरती करायची तर कलम ८९ लागतं: प्रतिनिधीचा अर्ज, दोन तज्ज्ञांनी स्वतंत्रपणे केलेली तपासणी, जास्तीत जास्त ३० दिवस, आणि तुमची निर्णयक्षमता दर सात दिवसांनी पुन्हा पाहणं. बाई असेल तर तीन दिवसांत मंडळाला कळवावं लागतं, पुरुष असेल तर सात. यातलं काही चुकलंय असं वाटलं तर मंडळाकडे तुम्ही स्वतः किंवा बहीण अर्ज करू शकता. विधी सेवेचा वकील फुकट मिळतो, फोन १५१००.

प्रश्न: मी नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. वॉर्डातल्या एका मराठी आजींची मानसिक तपासणी हिंदीत झाली. त्या 'डोक्यात मुंग्या येतात' म्हणाल्या, फाइलमध्ये आलं 'सिर में चींटियाँ दिखती हैं', भास. मला कळत होतं, पण विद्यार्थिनीनं कसं बोलावं? (कंपू)

उत्तर: बोलायलाच हवं. मुंग्या येणं म्हणजे बधिर होणं हे आपल्याला सांगावं लागत नाही, पण ती नोंद तशीच राहिली तर आजींना भासांचं औषध सुरू होईल, आणि डोकं बधिर होण्याचं खरं कारण, रक्तदाब असो, मानेचा मणका असो की साखर, तपासायचं राहून जाईल. 'अंगात येतं' हेही तसंच. नवरात्रात देवीचं अंगात येणं आणि रोज कोणीतरी आपल्याला चालवतंय असं वाटणं यात फरक आहे, आणि तो विचारल्याशिवाय कळत नाही. 'जीव रमत नाही', 'जीव नकोसा झालाय', 'जीव घाबरा होतो', तिन्हींत जीव आहे, तिन्हींचे अर्थ वेगळे. मधला तर आत्महत्येच्या विचारांबद्दल सरळ विचारावं असा.

हिंदी आयुष्यभर बोललेली माणसंही आजारात, विशेषतः विस्मरणाच्या आजारात, पहिल्या भाषेकडे वळतात. तारीख विचारली आणि आजींनी 'मार्गशीर्षातली चतुर्थी' सांगितली, आणि ती बरोबर असेल, तर त्यांना काळाचं भान आहे. 'ऊँट के मुँह में जीरा' चा अर्थ सांगता आला नाही म्हणून विचार करण्याची क्षमता गेली असं ठरवण्याआधी 'आयत्या बिळावर नागोबा' विचारून पाहा. रुग्णाला कळेल अशा सोप्या भाषेत माहिती देणं ही कायद्याची अट आहे. निर्णयक्षमता आहे की नाही हे ठरवताना तर ती फारच महत्त्वाची: समजलंच नाही असं ठरवायचं तर आधी समजेल असं सांगितलेलं हवं.

नाव न घेता, कोणाची चूक न काढता इन्चार्ज सिस्टरांना म्हणा: 'सिस्टर, आजींचा हा शब्द मराठीत वेगळ्या अर्थाचा आहे, मी त्यांना पुन्हा विचारून लिहून देऊ?' मग आजींचं वाक्य मराठीतच, देवनागरीत लिहा आणि खाली अर्थ. सून किंवा मुलगा यांनाच दुभाषी करू नका; सुनेविषयीची तक्रार सून कशी सांगेल? आणि आजींना 'आजी' म्हणण्याआधी एकदा विचारा. काहींना 'बाई' किंवा नावापुढे 'ताई' हवं असतं.

थोडक्यात

*वॉर्डात रुग्णांकडून झाडलोट करून घेतात, 'उपचाराचा भाग' म्हणतात.* जबरदस्तीनं काम करून घेता येत नाही, आणि स्वखुशीनं केलं तर योग्य मोबदला द्यावा लागतो. स्वतःची खाट आवरणं वेगळं, वॉर्डाची फरशी पुसणं वेगळं.

*भरती झाल्याबरोबर डोकं भादरलं आणि गणवेश दिला.* दोन्हींची सक्ती करता येत नाही. स्वतःचे कपडे घालायचा हक्क आहे. पाळीच्या दिवसांत लागणाऱ्या वस्तू मिळणं हाही हक्कच आहे, मेहेरबानी नाही.

*भेटायला आलेल्या काकांना भेटायचं नव्हतं, तरी आणून बसवलं.* भेटायचं की नाही हे रुग्णानं ठरवायचं. नकारही हक्कात येतो. फोनचंही तसंच. तक्रार आधी दवाखान्याच्या प्रमुखांकडे लेखी, उत्तर पटलं नाही तर मंडळाकडे. अर्जाला तारीख घाला आणि पोचपावतीशिवाय परत येऊ नका.